मरीन ड्राइव्हवर फिल्मचा एक रोल: चर्नी रोडपासून एनसीपीएच्या टोकापर्यंत, क्रमाने

फिल्म कॅमेरा घेऊन मरीन ड्राइव्हला गेलेल्यांकडून एकच गाऱ्हाणं परत परत ऐकतोय. रोल धुऊन आला आणि निम्म्या फ्रेम काळ्या, नाहीतर सगळेच फोटो सारखे. विचारलं की कळतं, चौपाटीवर पोचल्या पोचल्या भेळवाले, फुगे, कबुतरं यांच्यावर वीस फ्रेम गेल्या, आणि खरा उजेड पडला तेव्हा काउंटर ३३ वर होता. म्हणजे चूक फोटो काढण्यात कमी, क्रमात जास्त आहे. म्हणून हा लेख क्रमानेच लिहितोय. ३५ एमएम कॅमेरा, ३६ फ्रेमचा एक रोल, एक संध्याकाळ, आणि साधारण तीन-साडेतीन किलोमीटर चाल, एवढंच गृहीत धरलंय.

## १. दिवस आणि वेळ ठरवा, कॅमेरा नंतर

मरीन ड्राइव्ह पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी सूर्य बिल्डिंगांच्या मागे असतो आणि त्यांचे दर्शनी भाग सावलीत राहतात. सकाळी चालायला मस्त, माणसंही कमी, पण त्या गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगा हव्या असतील तर संध्याकाळच पाहिजे, तेव्हाच ऊन थेट त्यांच्या तोंडावर येतं.

सूर्यास्ताची वेळ आधी बघा. मुंबईत डिसेंबरात तो सहाच्या आसपास, फेब्रुवारीच्या शेवटी पावणेसातला, मेच्या मध्यावर सातच्या थोडा पुढे. त्याच्या दोन तास आधी चर्नी रोड स्टेशनला उतरायचं. म्हणजे डिसेंबरात चारला, मेमध्ये पाचला.

आता एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. थंडीत तो नैऋत्येकडे सरकलेला असतो, त्यामुळे मरीन लाइन्सच्या समोर उभं राहिलात तर उघड्या समुद्रावर उतरताना दिसतो. मेमध्ये त्याच जागी उभे राहिलात तर तो मलबार हिलच्या मागे जातो आणि तुमचा उजेड घड्याळातल्या वेळेच्या आधीच संपतो. गिरगाव चौपाटीवरून तर तो बाराही महिने टेकडीच्याच बाजूला. नरिमन पॉइंटच्या टोकाला, एनसीपीए या नाट्य-संगीत केंद्रापाशी, मात्र वर्षभर मोकळं क्षितिज मिळतं. म्हणूनच सुरुवात चौपाटीला आणि शेवट एनसीपीएला. उलटं चाललात तर सूर्य बुडताना तुम्ही टेकडीच्या समोर असाल.

भरतीचं गणितही घरीच करून ठेवा. कोकणात पूर्वापार चालत आलेला हिशोब अजून कामाला येतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी ओहोटी. अष्टमीची भरती तशी लहान असते, पण पाणी कट्ट्याच्या जवळ आलेलं मिळतं. मला स्वतःला सूर्यास्ताला पाणी चढलेलं आवडतं, ओहोटीला खालच्या सिमेंटच्या चौपायांवरचा, म्हणजे लाटा अडवणाऱ्या टेट्रापॉडवरचा, कचरा फार दिसतो.

सावध: पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी काढते. त्या दिवशी त्या वेळेला कॅमेरा घेऊन कट्ट्यावर जाऊ नका. लाट कट्टा ओलांडून रस्त्यावर येते, आणि खाऱ्या पाण्यात भिजलेला जुना कॅमेरा शक्यतो परत चालू होत नाही. नवशिक्यांनी पहिली चाल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी.

## २. रोल कोणता आणि किती

एकच रोल नेणार असाल तर ४०० चा, म्हणजे आयएसओ ४०० चा घ्या; हा आकडा जितका मोठा तितकं कमी उजेडात काम भागतं. कलर असेल तर कोडॅक अल्ट्रामॅक्स ४००, ब्लॅक अँड व्हाइट असेल तर इलफर्ड एचपी५ किंवा केंटमीर ४००. कोडॅक गोल्ड २०० उन्हात सुंदर दिसतो, पण सूर्य बुडाल्यावर पंधरा मिनिटांत शटर १/३० च्या खाली जायला लागतं आणि मग हात हलतो.

फ्रिजमध्ये ठेवलेला रोल डबीतून लगेच काढायचा नाही. बंद डबीतच दोनेक तास बाहेर ठेवा, नाहीतर मुंबईच्या दमट हवेत फिल्मवर बाष्प धरतं. कॅमेऱ्याचंही तसंच. एसी लोकलने आलात तर उतरल्यावर बॅग पंधरा-वीस मिनिटं बंदच ठेवा, लेन्सवर धुकं आलं तर रुमालाने घासू नका, आपोआप जाऊ द्या.

मेट्रोने येणार असाल तर बॅग स्कॅनरमधून जाते. रोल हातात काढून दाखवा आणि हाताने तपासायची विनंती करा. नाहीच ऐकलं तर ४०० च्या रोलला एकदा जाण्याने सहसा काही होत नाही, पण दर शनिवारी तोच रोल फिरवू नका.

एक्स्पायर्ड रोल स्वस्तात मिळतात हे खरं, पण या चालीला नको. जुन्या कलर रोलला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड द्यायचा असा ढोबळ नियम आहे, आणि संध्याकाळी नेमका उजेडच कमी असतो.

## ३. रोल घरीच भरा, पंख्याखाली, शांतपणे

सगळ्यात जास्त रोल इथे वाया जातात. माझा स्वतःचा पहिला मरीन ड्राइव्हचा रोल असाच गेला. लीडर, म्हणजे फिल्मचं बाहेर आलेलं टोक, उजवीकडच्या रिळात नीट अडकलाच नव्हता, मी छत्तीस वेळा शटर दाबलं, आणि रोल पूर्ण कोरा आला. त्या संध्याकाळी पाऊस पडून गेला होता, रस्ता ओला होता, ते परत मिळालं नाही. तेव्हापासून हे चुकवत नाही:

मागचं झाकण उघडण्याआधी रीवाइंडची चावी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून बघा. ताण लागला तर आत जुना रोल आहे, उघडू नका. सेकंडहँड कॅमेरा बोरा बाजारातून किंवा काकांच्या कपाटातून आलेला असेल तर हे नक्कीच.

मग रोल डावीकडे बसवा, लीडर उजव्या रिळाच्या खाचेत घाला, एकदा वाइंड करा आणि फिल्मच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही भोकांमध्ये दाते बसलेत का ते डोळ्यांनी बघा. बसले असतील तरच झाकण लावा. रीवाइंडची चावी हळूच फिरवून ढील काढा, ताण लागला की थांबा. आता दोन रिकाम्या फ्रेम दाबा.

तपासा: वाइंड करताना डावीकडची रीवाइंडची चावी आपोआप उलटी फिरली पाहिजे. काउंटरवर विश्वास ठेवू नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत तो फिल्म सरकली नाही तरी पुढे जातो. चालताना मधेमधेही या चावीकडे बघत राहा.

नंतर आयएसओची डायल. जुन्या कॅमेऱ्यांवर एएसए लिहिलेलं असतं, तेच ते. ४०० चा रोल असेल तर मी ३२० ला ठेवतो. निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त उजेड चालतो, कमी अजिबात चालत नाही. आणि एकदा ठरवलेला आयएसओ संध्याकाळी उजेड कमी झाला म्हणून मधेच बदलायचा नाही. डिजिटलची सवय असलेले इथेच चुकतात, रोल लॅबमध्ये एकाच वेळी एकाच पद्धतीने धुतला जातो. एचपी५ पुश करायचा, म्हणजे कमी उजेड देऊन लॅबमध्ये जास्त वेळ धुवायचा असेल तर पहिल्या फ्रेमपासून ८०० ला ठेवा आणि डबीवर मार्करने लिहा.

बॅटरी. पेंटॅक्स के१००० ला मीटर (उजेड मोजणारा भाग) बंद करायचं बटण नाही, लेन्सला कॅप लावून ठेवली नाही तर बॅटरी बॅगेतच उतरते. कॅनन एई-१ बॅटरीशिवाय शटरच मारत नाही. निकॉन एफएम२ मेकॅनिकल आहे, बॅटरी गेली तरी फक्त मीटर जातं. तुमचा कॅमेरा कुठल्या प्रकारचा ते आधी माहीत करून घ्या आणि एक जादा सेल खिशात ठेवा, कट्ट्यावर तो मिळणार नाही.

## ४. बॅगेत काय, आणि फ्रेमचा हिशोब

एक लेन्स, ५० किंवा ३५. कट्ट्याजवळ लेन्स बदलणं टाळा, वाऱ्याबरोबर खारे थेंब आणि वाळू थेट आत जाते. यूव्ही फिल्टर लावलेला, लेन्स हूड, सुती कापड, पाण्याची बाटली, छोटी वही-पेन, केबल रिलीज (कॅमेरा न हलवता शटर दाबायची तार), आणि कापडी पिशवीत बांधलेले पाव किलो तांदूळ. तांदूळ कशाला ते पुढे येईल. ट्रायपॉड नेऊ नका. ट्रायपॉड उघडला की कोणीतरी परमिशन विचारायला येतं आणि त्या बोलण्यात उजेड निघून जातो.

हिशोब वहीत पहिल्या पानावर लिहूनच निघा:

- चौपाटी: ५
- जिमखान्यांच्या समोरचा पट्टा: ४
- बिल्डिंगा: ९
- सूर्यास्त, त्याच्या आधीची आणि नंतरची वीस मिनिटं: १०
- दिवे लागल्यावर: ६
- अडीअडचणीला: २

तुमचे आकडे वेगळे असू शकतात, पण सूर्यास्ताला पोचताना निदान सोळा-अठरा फ्रेम शिल्लक पाहिजेत. मला विचाराल तर अख्ख्या लेखातली हीच ओळ पाठ करण्यासारखी आहे.

## ५. चौपाटी: मीटर शिकायची जागा

चर्नी रोडला पश्चिमेला उतरून पूल ओलांडला की चौपाटी. इथे लगेच फोटो काढू नका, दहा मिनिटं नुसतं मीटर बघत फिरा. कॅमेरा पाण्याकडे धरा, मग वाळूकडे, मग झाडाच्या सावलीकडे, आणि आकडे किती बदलतात ते बघा. चमकणारं पाणी आणि पांढुरकं आकाश मीटरला फसवतं, त्याला वाटतं उजेड खूप आहे, तो शटरचा वेग वाढवायला सांगतो, आणि समोरचा माणूस काळा होतो. निम्म्या फ्रेम काळ्या येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

उपाय सोपा आहे. तुमचा तळहात, ज्या उजेडात समोरचा माणूस आहे त्याच उजेडात धरा, फ्रेम भरून त्यावर मीटर घ्या, आणि मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्या. म्हणजे मीटर एफ/११ म्हणालं तर एफ/८ (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). मग आकाश काहीही म्हणो, ते सेटिंग हलवू नका, जोवर तुम्ही उन्हातून सावलीत जात नाही.

मीटर बंद असेल तर ४०० च्या रोलला पुस्तकी हिशोबाने स्वच्छ उन्हात १/५०० आणि एफ/१६. पण मुंबईच्या थंडीतल्या धुरकट दुपारी मी एफ/११ लाच सुरुवात करतो आणि सूर्य खाली येईल तसा उघडत जातो.

माणसांचे फोटो विचारून काढा. "दादा, एक फोटो काढू का, रीळवाला कॅमेरा आहे" म्हटलं की बहुतेक लोक स्वतःहून दोन मिनिटं थांबतात, कॅमेरा बघायला मागतात. लहान मुलं असतील तर आई-वडिलांना विचारा. आणि कट्ट्यावर समुद्राकडे तोंड करून बसलेली जोडपी, त्यांचे पाठमोरे फोटो सगळ्यांनाच हवे असतात, पण जवळ जाऊन ओळखू येतील असे काढू नका. या शहरात त्यांना बसायला दुसरी जागा नाही.

तपासा: चौपाटी सोडताना काउंटर ५ च्या पुढे नको. गेला असेल तर पुढच्या टप्प्यातून वजा करा, सूर्यास्तातून नाही.

## ६. जिमखाने ते चर्चगेट: रस्त्याकडे पाठ करू नका

समुद्राच्या बाजूच्या फुटपाथने दक्षिणेकडे चालायचं. सूर्य उजवीकडे थोडा समोर असतो, म्हणून हूड लावलेला पाहिजे, नाहीतर सगळ्या फोटोंवर पांढरट पडदा येतो. मरीन लाइन्सच्या आसपास जिमखान्यांची मैदानं लागतात, तिथे बिल्डिंगांची रांग तुटलेली असते, हा पट्टा पटकन उरकला तरी चालेल. थोडं पाणी प्या.

मग बिल्डिंगा. कपूर महल, झवेर महल, केवल महल, आणि वीर नरिमन रोडच्या कोपऱ्यावरची सूना महल. २०१८ पासून हा सगळा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, पण आपल्याला इथे काम आहे ते आडव्या बाल्कन्यांच्या सावल्यांचं. सूर्यास्ताच्या आधी तासभर ऊन तिरकं पडतं आणि प्रत्येक मजल्याची रेघ उठून दिसते.

इथली नेहमीची चूक म्हणजे बिल्डिंगच्या खाली उभं राहून कॅमेरा वर करणं. बिल्डिंग मागे पडल्यासारखी येते. रस्ता रुंद आहे, त्याचा फायदा घ्या. समुद्राच्या बाजूलाच राहा, कॅमेरा सरळ धरा, खाली रस्ता जास्त आला तरी येऊ दे, त्यात एखादी काळी-पिवळी किंवा बेस्टची बस येईपर्यंत थांबा. ५० च्या लेन्सने इथून दोन-तीन बिल्डिंगा आरामात बसतात. मीटर बिल्डिंगच्या उन्हातल्या भागावर घ्या आणि अर्धा स्टॉप वाढवा. रंग फिकट आहेत, मीटरचं ऐकलं तर ते मळके येतील.

ब्लॅक अँड व्हाइट असेल तर पिवळा फिल्टर लावा, आकाश थोडं गडद होतं. तो साधारण एक स्टॉप उजेड खातो. लेन्समधून बघणारं मीटर ते आपोआप धरतं, मोबाइलच्या मीटर अॅपला ते कळत नाही, तिथे तुम्ही स्वतः वाढवा. आणि सूर्य खाली गेल्यावर फिल्टर काढायला विसरू नका, मी विसरलोय.

सावध: फोटोसाठी रस्ता मधूनच ओलांडू नका, गाड्या वेगात असतात, सिग्नललाच ओलांडा. कट्ट्याच्या पलीकडे सिमेंटच्या चौपायांवर उतरू नका, शेवाळ असतं, पाय सटकला की मधल्या फटीत अडकतो. ड्रोन हा विषय इथे काढूच नका.

## ७. एनसीपीएचं टोक: थांबा

सूर्यास्ताच्या निदान पंचवीस मिनिटं आधी टोकाला पोचा आणि एक जागा धरा. इथून पुढे चालायचं नाही. लोक इथेही फिरत राहतात आणि दर दोन मिनिटांनी फ्रेम उडवतात, म्हणून दहा फोटो एकसारखे येतात.

मीटर सूर्यावर घ्यायचं नाही. सूर्याच्या बाजूचं आकाश, सूर्य फ्रेमच्या बाहेर ठेवून, त्यावर घ्या. त्या सेटिंगला माणसं काळ्या आकृत्या होतील, आणि तेच हवं असेल तर छान. चेहरे हवे असतील तर तळहाताचा हिशोब परत, आकाश पांढरं जाईल. दोन्ही एका फ्रेममध्ये मिळणार नाही, दाबण्याआधी ठरवा. भिंगातून थेट सूर्याकडे टक लावून बघू नका, डोळ्यांसाठी ते वाईटच, आणि कापडी शटरचा रेंजफाइंडर (आत आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर सूर्याकडे उघडा ठेवल्यास शटरला भोक पडू शकतं.

थंडीत धुरक्यामुळे सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच विरून जातो. त्यामुळे शेवटच्या क्षणाची वाट बघत दहाच्या दहा फ्रेम राखून ठेवू नका, तो केशरी गोळा स्पष्ट असतानाच तीन-चार घ्या. उरलेल्या सूर्य बुडाल्यावर, उत्तरेकडे वळून. चांगले फोटो बहुतेक वेळा या पाठमोऱ्या दिशेलाच मिळतात, बिल्डिंगांवर गुलाबी झाक असते आणि दिवे नुकतेच लागत असतात. दर चार-पाच मिनिटांनी मीटर परत घ्या, उजेड वाटतो त्यापेक्षा भराभर उतरतो.

तपासा: ५० च्या लेन्सला १/६० च्या खाली हातात धरून काढू नका. तिथून तांदळाची पिशवी.

## ८. दिवे: तांदळाची पिशवी

कट्ट्यावर पिशवी ठेवा, तिच्यावर कॅमेरा दाबून बसवा, पट्टा मनगटात अडकवलेलाच. केबल रिलीज नसेल तर सेल्फ टायमर. अॅपर्चर एफ/८, म्हणजे रस्त्याचे दिवे टोकदार येतात आणि गाड्यांच्या रेघा मिळतात.

लांब एक्स्पोजरला फिल्म आळसावते, मीटर सांगतं तेवढा वेळ पुरत नाही. एचपी५ साठी इलफर्डच्या हिशोबाने मीटर ४ सेकंद म्हणालं तर ६ द्यायचे, ८ म्हणालं तर १५, १५ म्हणालं तर ३५. सेकंद मोबाइलच्या घड्याळावर मोजा, मनात मोजलेले नेहमी कमी भरतात. कलर रोलला मी सरळ दुप्पट देतो, दिव्यांचा पिवळेपणा तसाच येतो आणि मला तो चालतो. प्रत्येक दृश्याच्या दोनच फ्रेम, एक हिशोबाने आणि एक त्याच्या दुप्पट वेळाने. सेकंद वहीत लिहा.

## ९. रोल संपला: घाई इथेही नको

लीव्हर जड झाला की जोर लावू नका, फिल्म फाटते किंवा डबीतून सुटते. खालचं छोटं बटण दाबा, मग चावीने सावकाश रीवाइंड करा. शेवटी ताण एकदम सुटतो, त्यानंतरही तीन-चार वेढे द्या, म्हणजे लीडर पूर्ण आत जातो आणि तोच रोल चुकून परत भरला जात नाही. ताण सुटल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, शंका असेल तर घरी येऊन अंधाऱ्या बाथरूममध्ये उघडा.

डबीवर तारीख, जागा, आयएसओ, पुश असेल तर किती, हे लगेच लिहा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर रोल ठेवू नका. परतायला चर्चगेट जवळ, पण गर्दी टाळायची असेल तर साडेआठनंतर गाडी पकडा.

घरी आल्यावर कॅमेरा किंचित ओल्या कापडाने पुसा, मग कोरड्याने. कातडी केसमध्ये परत घालू नका, दमट चामडं म्हणजे बुरशीला आमंत्रण. सिलिका जेलच्या पुड्या टाकलेला घट्ट झाकणाचा डबा पुरतो.

## १०. लॅबला देताना

कलर असेल तर सी-४१ (कलर निगेटिव्ह धुण्याची पद्धत), ब्लॅक अँड व्हाइट वेगळं, काउंटरवर तोंडी सांगा आणि पाकिटावर लिहूनही घ्या. एकदा माझा एचपी५ पुश न करताच धुतला गेला कारण मी फक्त फोनवर सांगितलं होतं. निगेटिव्ह परत हव्यात हेही आधीच बोला, नुसते स्कॅन घेऊन समाधान मानू नका, स्कॅन पुन्हा करता येतो, निगेटिव्ह पुन्हा मिळत नाही.

निगेटिव्ह आल्या की आधी त्या खिडकीच्या उजेडात धरा, स्कॅन नंतर. पातळ, जवळजवळ पारदर्शक फ्रेम म्हणजे उजेड कमी पडला. संपूर्ण पट्टी पारदर्शक आणि कडेचे नंबर स्पष्ट असतील तर रोल सरकलाच नाही, टप्पा तीनवर परत जा. कडेचे नंबरही नसतील तर धुण्यात गडबड झाली. मग वही उघडा, फ्रेम नंबर लावून प्रत्येकासमोर सेटिंग लिहा, आणि ज्या टप्प्यावर हिशोबापेक्षा जास्त फ्रेम गेल्या त्याला गोल करा. पुढच्या रोलचं पहिलं पान तिथूनच लिहायचं.